एवढं बोलता, मग तुम्ही अंतर्मुख कशा?

व्याख्यान संपतं, खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात, निम्मी मंडळी दाराकडे निघालेली असतात. तेवढ्यात कुणीतरी हळूच जवळ येऊन विचारतं, "मॅडम, मघाशी तुम्ही स्वतःला अंतर्मुख म्हणालात. पण दीड तास तुम्ही अखंड बोललात, सगळ्यांना हसवलंत, एकही प्रश्न टाळला नाहीत. मग तुम्ही अंतर्मुख कशा?"

मला मानसशास्त्र शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला, त्यांच्या आईवडिलांनी विचारला, नोकरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनीही विचारला. बहुतेक वेळा त्याच्या मागे आणखी एक प्रश्न उभा असतो, तो विचारणाऱ्याच्या स्वतःबद्दल किंवा घरातल्या एखाद्या मुलाबद्दल. उभ्या उभ्या दोन वाक्यांत दिलेलं उत्तर माझं मलाच अपुरं वाटत राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून, सविस्तर सांगते.

आधी शब्दांचा गुंता सोडवू या. अबोल, मितभाषी, घुमा, बुजरा, लाजाळू, मुखदुर्बळ, एकलकोंडा, माणूसघाणा. मराठीतल्या या शब्दांपैकी एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. अबोल माणूस कमी बोलतो, एवढंच आपण म्हणतो. त्याला कशाची भीती वाटते असं आपण म्हणत नाही. भीती बुजऱ्याला वाटते. मुखदुर्बळाला पुष्कळ बोलायचं असतं, पण शब्द ओठांशी येऊन अडतात. एकलकोंड्याला एकटं राहणं आवडतं आणि माणूसघाण्याला माणसंच नकोशी होतात. इतकी बारीक नजर असलेली भाषा आपल्याजवळ आहे, तरी हल्ली आपण या सगळ्यांवर एकच शिक्का मारून मोकळे होतो: इंट्रोव्हर्ट, म्हणजे अंतर्मुख. मला याचं मनापासून वाईट वाटतं. या शिक्क्यामुळे एका मुलीची दोन वर्षं कशी वाया गेली ते मी पाहिलं आहे. तिच्याबद्दल पुढे सांगणारच आहे.

दुसरा गुंता खुद्द 'अंतर्मुख' या शब्दाचा. 'त्या प्रसंगानं मी अंतर्मुख झालो' असं आपण सहज म्हणतो, आणि त्याचा अर्थ असतो की मी विचारात पडलो, स्वतःकडे वळून पाहू लागलो. तो कौतुकाचा शब्द आहे. मग अंतर्मुख माणूस म्हणजे खोल विचार करणारा आणि बहिर्मुख म्हणजे वरवरचा, असं नकळत मनात बसतं. व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्रात या शब्दाला तसा अर्थ नाही. कल्पनाशक्ती, विचारांत रमणं, नव्या कल्पनांची ओढ या गोष्टी तिथे 'अनुभवांबद्दलचा खुलेपणा' नावाच्या अगदी वेगळ्या गुणाखाली मोजल्या जातात. खोल विचार करणारी बडबडी माणसं असतात, आणि फारसा विचार न करणारी अबोल माणसंही असतात. दोन्ही मी वर्गात रोज बघते.

हे शब्द मानसशास्त्रात रुजवले स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी. व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरचा त्यांचा ग्रंथ १९२१ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. मनाच्या दुखण्यांवर उपचार करणारे फ्रॉइड आणि ॲडलर हे दोघं डॉक्टर सारख्याच दुखण्याच्या रुग्णांकडे बघून इतक्या वेगळ्या निष्कर्षांना कसे पोचतात, हे कोडं युंग यांच्या मनात बरीच वर्षं घोळत होतं. फ्रॉइड माणसाच्या ओढीचा माग काढत बाहेरच्या माणसांपर्यंत जात. ॲडलर त्याच्या आतल्या कमीपणाच्या भावनेशी आणि तिच्यावर मात करण्याच्या धडपडीशी येऊन थांबत. युंग यांना वाटलं, हा फरक रुग्णांमधला नसून बघणाऱ्यांच्या स्वभावातला आहे. काहींच्या मनाचा ओघ बाहेरच्या जगाकडे, माणसांकडे, वस्तूंकडे धावतो. काहींचा आत, स्वतःच्या अनुभवाकडे वळतो. या ओघाच्या दिशेला त्यांनी बहिर्मुखता आणि अंतर्मुखता म्हटलं. आणि कुणीही माणूस शंभर टक्के एकाच बाजूचा नसतो, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं. त्यांचं पहिलं म्हणणं जगभर पोचलं, दुसरं मागे राहिलं.

पुढची मोठी उडी घेतली मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी. त्यांचा जन्म १९१६ साली बर्लिनमध्ये झाला, नाझी राजवटीत त्यांनी जर्मनी सोडली आणि पुढे लंडनमध्ये काम केलं. युंग रुग्णांशी बोलून निष्कर्ष काढत. आयझेंक यांना मोजमाप हवं होतं. १९६७ साली त्यांनी असं मांडलं की या स्वभावांचं मूळ मेंदूच्या जागेपणात आहे. मेंदूच्या देठात पेशींचं एक जाळं असतं, ते वरच्या मेंदूला जागं आणि सावध ठेवतं. अंतर्मुख माणसात हे जाळं मुळातच जास्त चेतलेलं असतं, म्हणून थोड्याशा गजबजाटानंही त्याचं भांडं काठोकाठ भरतं. बहिर्मुख माणसाचं भांडं अर्धंच भरलेलं असतं, म्हणून तो माणसं, आवाज, हालचाल शोधत बाहेर पडतो.

हे ऐकायला सोपं आहे, पण मोजायचं कसं? त्यासाठी १९६०च्या दशकात लिंबाच्या रसाचा एक प्रयोग पुढे आला. मी तो दर वर्षी वर्गात करून घेते. दोन्ही टोकांना कापूस असलेली कान साफ करायची काडी घ्यायची, तिच्या बरोबर मध्यावर दोरा बांधायचा आणि ती आडवी लोंबकळते ना, हे बघून घ्यायचं. मग एक टोक जिभेवर वीस सेकंद ठेवायचं. त्यानंतर जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकायचे, गिळायचे, आणि दुसरं टोक तितकाच वेळ जिभेवर धरायचं. आता दोरा पकडून काडी हवेत उचलायची. लिंबामुळे तोंडाला जास्त पाणी सुटलं असेल तर दुसरं टोक भिजून जड होतं आणि काडी त्या बाजूला झुकते. आयझेंक यांच्या हिशेबानुसार अंतर्मुख माणसाची काडी जास्त झुकायला हवी, कारण त्याचं शरीर तेवढ्याच आंबट चवीला जास्त जोरानं उत्तर देतं. प्रयोगशाळेत नीट तोलून केलेल्या मोजमापात तसा कल दिसलाही.

वर्गात काय होतं ते सांगते. चाळीस जण श्वास रोखून आपापल्या दोऱ्याकडे बघत असतात. काडी आधी गरगर फिरते, मग हलके हलके स्थिर होते, आणि कुणाची एका बाजूला कलते. मला तो क्षण फार आवडतो, कारण स्वभाव ही गोष्ट हवेतली नाही, ती थुंकीसारख्या साध्या गोष्टीतही उतरते, हे त्या मुलांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं. मात्र त्याच वेळी मी त्यांना बजावते की एका काडीवरून स्वतःचा निकाल लावायचा नाही. तहान लागलेली असेल, काडी वाकडी असेल, दोरा मध्यावर नसेल, तर उत्तर बदलतं. कल दिसतो तो पुष्कळ माणसांची सरासरी काढल्यावर.

रसेल गीन यांचा १९८४ सालचा एक प्रयोगही मी आवर्जून शिकवते. त्यांनी लोकांना कानात आवाज ऐकत एक शिकण्याचं काम करायला लावलं, आणि आवाज किती मोठा हवा ते ज्याचं त्याला ठरवू दिलं. बहिर्मुखांनी मोठा आवाज निवडला, अंतर्मुखांनी लहान. स्वतः निवडलेल्या आवाजात दोघांचंही काम सारखंच चांगलं झालं. पण एकाचा आवाज दुसऱ्याला दिला तेव्हा दोघांचंही काम बिघडलं. कुणी जास्त हुशार नव्हतं, कुणी कमी नव्हतं; प्रत्येकाची जागा वेगळी होती. घरात एका मुलाला गाणी लावून अभ्यास होतो आणि दुसऱ्याला पंख्याची घरघरही नको असते. अशा वेळी आईवडील एकाला दुसऱ्याचं उदाहरण देतात, तेव्हा मला गीन आठवतात.

आयझेंक यांचं सगळंच टिकलं असं नाही. अंतर्मुख माणसाचा मेंदू चोवीस तास जास्त चेतलेला असतो, हे पुढे भक्कमपणे सिद्ध झालं नाही. आवाज, चव, गर्दी असं काही समोर आलं की प्रतिसादात फरक पडतो, एवढं दिसलं. मग नजर दुसरीकडे वळली. १९९९ साली रिचर्ड डेप्यू आणि पॉल कॉलिन्स यांनी असं मांडलं की बहिर्मुखतेचा गाभा माणसांची आवड हा नसून चांगलं काही मिळेल या शक्यतेनं येणारा हुरूप हा आहे, आणि त्यामागे डोपामाइन हे मेंदूतलं रसायन आहे. नवी ओळख, स्पर्धा, बढती, कौतुक असं काही नजरेच्या टप्प्यात आलं की बहिर्मुख माणूस लगेच तरतरीत होतो. अंतर्मुखालाही ते आवडतं, पण त्यासाठी जिवाचा आटापिटा करावासा वाटत नाही. मला स्वतःला हे स्पष्टीकरण जास्त पटतं. माझी एक मैत्रीण अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत शिरली की तिच्या चेहऱ्यावर दिवा लागतो. तिला त्या प्रत्येक चेहऱ्यामागे काहीतरी सापडणार असं वाटतं. मला त्या खोलीत शिरताना भीती वाटत नाही, पण तो दिवाही लागत नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या उत्तराकडे येते.

आज व्यक्तिमत्त्व मोजताना बहुतेक संशोधक ज्या चौकटीचा आधार घेतात तिला बिग फाइव्ह, म्हणजे पाच मोठे गुण, असं म्हणतात. तिची सुरुवात चक्क शब्दकोशातून झाली. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोश धुंडाळून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेचून काढले. कल्पना अशी की माणसांमधले महत्त्वाचे फरक भाषेनं केव्हाच टिपून ठेवलेले असणार. पुढच्या काही दशकांत अनेकांनी ते शब्द गाळून, एकमेकांशी ताडून पाहिले, आणि पुन्हा पुन्हा पाच मोठे गट हाती लागले. त्यातला एक बहिर्मुखतेचा. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांनी या एका गुणाचे सहा पदर सांगितले: आपुलकीचा मोकळेपणा, घोळक्याची आवड, ठामपणा, सतत काहीतरी करत राहण्याची लगबग, थराराची ओढ आणि उल्हास.

हे सहा पदर साधारण एकत्र वरखाली होतात, पण प्रत्येक माणसात सारखे नसतात. माझ्या बाबतीत ठामपणाचा पदर बराच वर आहे. माहीत असलेली गोष्ट चारचौघांत उभं राहून सांगायला मला कधीच जड गेलं नाही. घोळक्याची आवड आणि थराराची ओढ मात्र अगदी तळाशी. सगळ्याची गोळाबेरीज केली की मी अंतर्मुख बाजूला येते. तुम्ही व्यासपीठावर पाहता तो माझा ठामपणा असतो. व्याख्यानाआधी चहापानाच्या वेळी मी खिडकीशी एकाच माणसाशी बोलत उभी होते, ते तुमच्या लक्षात आलं नसेल.

इथे आणखी एक सांगायला हवं. दुसऱ्याच्या दुःखानं कळवळणं, मदतीला धावणं, नमतं घेणं हे पाचांपैकी वेगळ्याच गुणात मोडतं. त्यामुळे अंतर्मुख माणूस कोरडा असतो या समजाला आधार नाही. घरात कुणी आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसणारा माणूस पुष्कळदा तोच असतो, जो पाहुण्यांच्या गराड्यातून पहिला उठून जातो.

शिवाय ही मोजपट्टी आहे, दोन खोकी नाहीत. उंची जशी असते तसं: अगदी बुटके थोडे, अगदी उंच थोडे, बहुतेक मधले. मधल्यांसाठी 'अँबिव्हर्ट' हा शब्दसुद्धा १९२३ पासून आहे, एडमंड कॉन्क्लिन यांनी तो वापरला होता. चार अक्षरांत स्वभाव सांगणाऱ्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीबद्दल मला विद्यार्थी नेहमी विचारतात. माझी अडचण हीच आहे की ती मधोमध रेघ मारते. रेघेच्या अगदी अलीकडचा आणि अगदी पलीकडचा माणूस जवळजवळ सारखेच असतात, पण त्यांना वेगवेगळी अक्षरं मिळतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली तर तीच अक्षरं उलटतातही. त्या अक्षरांवरून नोकरी किंवा जोडीदार ठरवायला निघालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना मी कळकळीनं थांबवते.

आणि एकच माणूस दिवसभर एकाच जागी बसून राहत नाही. विल्यम फ्लीसन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत लोकांनी दोनतीन आठवडे, दिवसातून अनेकदा, 'गेल्या तासात मी किती बोलका, किती उत्साही होतो' याची नोंद केली. अंतर्मुख म्हणून नोंदलेली माणसंही रोज काही काळ चांगलीच बहिर्मुख वागत होती, आणि बहिर्मुख माणसंही गप्प गप्प होत होती. फरक होता तो सरासरीत. स्वभाव म्हणजे तुम्ही पुन्हा पुन्हा जिथे परत येता ती जागा.

या परत येण्याबद्दल कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ब्रायन लिटल यांनी फार सुंदर लिहिलं आहे. ते स्वतः अतिशय अंतर्मुख, पण वर्गात उभे राहिले की विद्यार्थी खिळून राहत. त्यांचं म्हणणं असं की ज्या गोष्टीवर आपलं मनापासून प्रेम असतं, तिच्यासाठी माणूस आपल्या स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो, आणि ते ढोंग नसतं. मात्र त्याची किंमत शरीर मोजतं, म्हणून नंतर सावरण्यासाठी एक शांत कोपरा लागतो. सेंट-जाँच्या लष्करी महाविद्यालयात ते व्याख्यान द्यायला जात. सकाळचं व्याख्यान झाल्यावर अधिकारी त्यांना जेवायला बोलावत, तेव्हा ते नदीकाठी जाऊन बोटी बघण्याची परवानगी मागत आणि तेवढा वेळ एकटे फिरून येत. पुढे नदी नसलेल्या ठिकाणी व्याख्यान आलं, तेव्हा त्यांनी स्वच्छतागृहात दार लावून तो वेळ मिळवला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. व्याख्यानानंतर मी एखाद्या रिकाम्या वर्गात जाते, दिवे लावत नाही, मागच्या बाकावर बसते. वीस मिनिटं पुरतात. आधी कानात सगळ्यांचे आवाज घुमत असतात, मग ते एकेक करून विरतात, खांदे खाली येतात, आणि मग मला पुन्हा कुणाशीही बोलावंसं वाटतं. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की हे फक्त मलाच होतं, आणि ते लपवायला हवं. विषयावरच्या प्रेमापोटी मी दीड तास बोलते आणि मग वीस मिनिटं त्या बाकावर बसते: हे तुमच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर.

यावर कुणी विचारतं, "मग अंतर्मुखानं मुद्दाम बहिर्मुख वागावं का? त्यानं आनंद वाढतो म्हणे." वाढतो, हे खरं आहे. फ्लीसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००२ साली असं आढळलं की बोलकं, उत्साही वागण्याच्या वेळी अंतर्मुखांनाही जास्त बरं वाटतं. २०१३ साली जॉन झेलेन्स्की आणि सहकाऱ्यांनी आणखी एक मजेदार गोष्ट दाखवली: असं वागून किती बरं वाटेल याचा अंदाज बांधायला सांगितलं, तर अंतर्मुख माणसं तो प्रत्यक्षापेक्षा कमी बांधतात. मला हे स्वतःच्या बाबतीत पटतं. जायचा कंटाळा आलेल्या कितीतरी ठिकाणांहून मी प्रसन्न होऊन परतले आहे.

पण याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. फिनलंडमधल्या २०१७ सालच्या एका अभ्यासात दिसलं की उत्साहानं वागल्यावर त्या वेळी छान वाटतं आणि सुमारे तीन तासांनी शीण येतो; गंमत म्हणजे तो बहिर्मुखांनाही येतो. २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लोकांना आठवडाभर बहिर्मुख वागायला सांगितलं, तेव्हा सरासरीनं लोकांना बरं वाटलं, पण जे फार अंतर्मुख होते त्यांना फायदा कमी झाला, थकवा जास्त आला आणि आपण आपल्यासारखे वागत नाही आहोत असं वाटत राहिलं. म्हणून मी सांगते, घराबाहेर पडा, तुमचा अंदाज चुकू शकतो. पण परतीची वाट आणि मागचा बाक आधी ठरवून ठेवा.

स्वभाव बदलतो का, हाही प्रश्न येतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या या फरकाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक दिसतो. उरलेला आयुष्य घडवतं. वयानुसारही पदर वेगवेगळे हलतात. विशीपासून ठामपणा वाढत जातो, घोळक्याची हौस मात्र हळूहळू थोडी ओसरते. एकदम पालटत कुणी नाही.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. अंतर्मुखता आणि लाजाळूपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केली की दोन्ही प्रकारच्या मुलांचं नुकसान होतं.

अंतर्मुख मुलाला माणसांची गरज कमी असते. लाजाळू मुलाला माणसांची भीती वाटते. गरज आणि भीती या निराळ्या मोजपट्ट्या आहेत, हे जोनाथन चीक आणि अर्नॉल्ड बस यांनी १९८१ साली दाखवलं. त्यांनी अनोळखी विद्यार्थिनींच्या जोड्या लावून त्यांना बोलायला बसवलं. सर्वांत जास्त अवघडलेल्या कोण होत्या? ज्या लाजाळू होत्या आणि ज्यांना माणसांची ओढही होती, त्या. ज्या लाजाळू होत्या पण ज्यांना तशी फार ओढ नव्हती, त्यांचा ताण कमी होता. मला हे फार खोल वाटतं. ओढ आणि भीती एकाच मनात समोरासमोर उभी राहते, तेव्हा माणूस आतून चिरडला जातो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र एक गप्प मुलगी दिसते, आणि तो म्हणतो, इंट्रोव्हर्ट आहे.

एकदा एका मुलाचे आईवडील काळजीनं मला भेटायला आले. मुलगा सुट्टीत खोलीतून बाहेर येत नाही, मित्र दोनच आहेत. मी त्या मुलाला एकच विचारलं, "समज, उद्या ते दोघं येणार होते आणि आलेच नाहीत. कसं वाटेल?" तो क्षणभर विचार करून म्हणाला, "मग माझं रेडिओचं सर्किट पूर्ण होईल. ते परवा येतील." त्याचा चेहरा निवांत होता. आईवडिलांना मी सांगितलं, याला काहीही झालेलं नाही, त्याचं सर्किट बघायला जा.

त्याच सुमारास वर्गात एक मुलगी होती. गटात काम द्यायची वेळ आली की ती आधीच येऊन सांगायची, "मॅडम, मी इंट्रोव्हर्ट आहे, मला एकटीला द्या ना." शाळेतही शिक्षकांनी तसंच सांगितलं होतं, घरच्यांनीही ते मान्य केलं होतं, सगळ्यांनी प्रेमानंच तिला मोकळं सोडलं होतं. मीही दोन वर्षं तिला एकटीला काम देत राहिले, आणि वर तिच्या स्वभावाचा मान राखते आहे असं समजत होते. मग एके दिवशी उशिरा बाहेर पडताना ती मला दिसली. पलीकडच्या खोलीत वर्गातली मुलं स्नेहसंमेलनाची तालीम करत होती, आत हशा पिकला होता. ही दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती, पिशवीचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरून. आत कुणी विनोद केला की हिच्या ओठांवर हसू यायचं, आणि कुणाची चाहूल लागली की ती मोबाइल काढून बघायला लागायची. एकटेपणात रमलेलं माणूस असं उभं राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिलाही तोच प्रश्न विचारला. "समज, मैत्रिणी येणार होत्या आणि आल्या नाहीत. बरं वाटेल का?" ती बराच वेळ बाकावर नखानं रेघ ओढत बसली. मग म्हणाली, "येणार होत्या, असं कधी झालंच नाही, मॅडम."

त्या दिवशी मला माझी चूक कळली. तिला स्वभावाचा मान राखणारी शिक्षिका नको होती, भीतीतून बाहेर यायला हात हवा होता. आणि भीतीवर उपाय असतो. लोक आपल्याला हसतील, आपल्यात खोट काढतील, या धास्तीनं जगणं अडायला लागलं की त्याला सामाजिक चिंता विकृती म्हणतात. विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी या विकृतीसाठी सर्वांत जास्त तपासून पाहिलेल्या उपचारांपैकी एक आहे. त्यात माणसाला एकदम गर्दीत ढकलत नाहीत. ज्याची भीती वाटते त्याच्या लहान लहान पायऱ्या करतात आणि एकेक पायरी चढवतात. एका माणसाला किती वाजले ते विचारायचं. मग दुकानात जाऊन एखादी वस्तू बदलून मागायची. मग ओळखीच्या दोघींत बसून एक वाक्य बोलायचं. आणि प्रत्येक वेळी, आधी वाटलेलं किती खरं झालं ते तपासायचं.

ती एका समुपदेशकाकडे जायला लागली. मी वर्गात एवढंच केलं की तिला एकटीला काम देणं बंद केलं आणि एकाच मुलीबरोबर जोडी लावली. पहिले दोन महिने काहीच दिसलं नाही. तिसऱ्या महिन्यात एका गटचर्चेत तिनं हात वर केला. पहिलं वाक्य बोलताना आवाज इतका थरथरला की शेवटचे शब्द कुणाला ऐकूच आले नाहीत. शेजारची म्हणाली, "परत सांग ना, चांगलं होतं." तिनं परत सांगितलं.

आता ती नोकरी करते. मध्ये एकदा भेटायला आली होती, बरोबर तीन मैत्रिणी. मी तिला विचारलं, अजून भीती वाटते का. म्हणाली, पहिल्या वाक्याला वाटते. मग मैत्रिणींना काहीतरी घाईघाईनं सांगायला वळली, आणि माझ्याशी बोलत होती हे विसरूनच गेली.